क्वेरी मॉनिटर: ऑनलाइन दुकानाचा सर्व्हर कोण दमवतो, हे दाखवणारे साधन

नाशिकच्या भांडी बाजारात आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे आणि २०१९ पासून तोच माल आम्ही वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीवर वूकॉमर्स हे दुकानाचे प्लगइन (जोड-प्रोग्राम) बसवून ऑनलाइनही विकतो. गोदावरीला मोठा पूर आला की पाणी भांडी बाजारात शिरते, माल माळ्यावर चढवावा लागतो आणि दुकान दोन-तीन दिवस उघडता येत नाही. त्या दिवसांत ऑनलाइन ऑर्डरींचाच आधार असतो, त्यामुळे संकेतस्थळ बंद पडणे आम्हाला परवडत नाही. यंदा धनत्रयोदशीला तीन आठवडे उरले असताना, म्हणजे पितळी समया आणि तांब्याचे कलश सर्वाधिक विकले जातात नेमक्या त्या दिवसांत, ते दिवसातून चार-पाच वेळा बंद पडू लागले. या दोषाचा माग काढताना क्वेरी मॉनिटर हे मोफत प्लगइन आम्ही पहिल्यांदा वापरले. त्याने काय दाखवले आणि काय दाखवले नाही, या दोन्ही गोष्टी येथे लिहीत आहे.

ग्राहकाला पानाऐवजी ५०८ क्रमांकाची त्रुटी दिसत असे. आपल्या खात्याला नेमून दिलेली साधने संपली, असा तिचा अर्थ. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक संकेतस्थळे एकच सर्व्हर वाटून वापरतात तेथे, एका खात्याच्या किती पीएचपी प्रक्रिया (पाने तयार करणारी कामे) एकाच वेळी चालू शकतात याला मर्यादा असते आणि आमच्या योजनेत ती २० होती. होस्टिंग कंपनीने तिप्पट दराची मोठी योजना घेण्याचा सल्ला दिला. ऑर्डरी मात्र नेहमीपेक्षा कमीच येत होत्या. बाबांनी विचारले, ‘गिऱ्हाईक दिसत नाही, मग आत गर्दी कोणाची?’ मला तो प्रश्न अगदी योग्य वाटला आणि पुढचा सारा तपास त्याच प्रश्नावर झाला. इंदिरानगरात राहणारा माझा मावसभाऊ संकेतस्थळांचेच काम करतो. तो म्हणाला, ‘ताई, मोठा सर्व्हर नंतर घेऊ. आधी मोजू.’

क्वेरी मॉनिटर हे वर्डप्रेसच्या गाभ्यावर काम करणाऱ्या (कोअर) विकासकांपैकी एक असलेल्या जॉन ब्लॅकबर्न यांनी तयार केलेले, मुक्तस्रोत प्लगइन आहे. ते सुरू केले की प्रशासकाला वरच्या पट्टीत चार आकडे दिसतात: पान तयार व्हायला लागलेला वेळ, वापरलेली मेमरी, डेटाबेसमध्ये गेलेला वेळ आणि एकूण क्वेरींची, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची संख्या. पट्टीवर क्लिक केल्यावर तपशील उघडतो. ०.०५ सेकंदापेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरी वेगळ्या काढून दाखवल्या जातात आणि तीच क्वेरी पुन्हा पुन्हा विचारली गेली असेल तर तेही कळते. मला सर्वांत मोलाचा वाटला तो घटकवार क्वेरींचा तक्ता. कोणत्या प्लगइनने किती क्वेरी केल्या आणि त्यांत किती वेळ गेला, हे त्यात नावानिशी मांडलेले असते. एरवी एकेक प्लगइन बंद करून अंदाज बांधत बसावे लागते, आणि चालू दुकानात सणाच्या तोंडावर तसे करणे धोक्याचे असते. (तसे करावेच लागले तर ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ हे प्लगइन वापरावे. त्यातील समस्या-निवारणाच्या स्थितीत प्लगइन फक्त आपल्या स्वतःच्या सत्रापुरते बंद होतात आणि ग्राहकांना दुकान जसेच्या तसे दिसत राहते.)

आमच्या उत्पादनांच्या पानावर ४१२ क्वेरी होत होत्या आणि पान तयार व्हायला साडेचार सेकंद लागत होते. त्यांपैकी तीनशेहून अधिक क्वेरी एकट्या फिल्टरच्या प्लगइनच्या होत्या. धातू, क्षमता, कल्हई, वजन आणि किंमत यांनुसार भांडी निवडता यावीत म्हणून ते सशुल्क प्लगइन आम्ही उन्हाळ्यात विकत घेतले होते. निवडीसाठी टिक करायच्या प्रत्येक चौकटीपुढे ‘तांबे (८६)’ असा उपलब्ध भांड्यांचा आकडा ते दाखवते. दिसायला ही सोय फार चांगली आहे, पण तो आकडा काढण्यासाठी ते दर चौकटीमागे स्वतंत्र क्वेरी करते आणि बाजूच्या पट्टीतील फिल्टर व मोबाइलवरील फिल्टर यांसाठी तेच काम दोनदा करते.

या क्वेरी इतक्या संथ का होत्या, हे समजून घेण्यात माझे दोन दिवस गेले, आणि ज्यांचे दुकान आमच्यासारखे जुने आहे त्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा. वर्डप्रेसमध्ये उत्पादनाची किंमत, वजन, साठा अशी माहिती पोस्टमेटा नावाच्या तक्त्यात ठेवली जाते. त्यातील मूल्याचा स्तंभ लांब मजकुरासाठी केलेला आहे आणि त्याला अनुक्रमणिका, म्हणजे मूल्य झटकन शोधून देणारी सूची (इंडेक्स), नसते. त्यामुळे ‘५०० ते १५०० रुपयांतील कलश’ असे विचारले की डेटाबेसला मजकुराचे आकड्यांत रूपांतर करत किमतीच्या सगळ्या ओळी चाळाव्या लागतात. हा त्रास टाळण्यासाठीच वूकॉमर्सने २०१९ मध्ये ३.६ या आवृत्तीत किंमत, साठा वगैरेंसाठी वेगळा शोध-तक्ता आणला. आमचे फिल्टर प्लगइन त्याचा उपयोगच करत नव्हते. इतकी वर्षे उपलब्ध असलेली सोय सशुल्क प्लगइनने वापरू नये, ही माझ्या मते त्याची सर्वांत मोठी चूक आहे.

दुसरे कारण आमचेच होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या वूकॉमर्सच्या ८.२ या आवृत्तीपासून नव्या दुकानांच्या ऑर्डरी आपोआप स्वतंत्र तक्त्यांत साठवल्या जातात. जुन्या दुकानांना मात्र तो बदल सेटिंगमध्ये जाऊन स्वतः करावा लागतो आणि आम्ही तो केला नव्हता. त्यामुळे सहा वर्षांच्या ऑर्डरींची पत्ते, फोन, कर अशी माहिती भांड्यांच्या माहितीसोबत त्याच पोस्टमेटात साचली होती. ३४० भांडी दाखवण्यासाठी डेटाबेसला तो सगळा पसारा सांभाळत उत्तर शोधावे लागत होते.

तरीही बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नव्हते. एक पान साडेचार सेकंद घेते हे कळले, पण पहाटे तीन वाजता, नाशिक झोपलेले असताना, वीसच्या वीस प्रक्रिया कशा भरतात हे कळेना. क्वेरी मॉनिटर येथे थांबते. आपण उघडलेल्या पानाचे ते उत्तम विश्लेषण करते, परंतु इतर कोणी कोणती पाने मागितली याची नोंद ठेवत नाही आणि मागचा इतिहासही साठवत नाही. ते उत्तर सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये, म्हणजे कोणी कधी कोणते पान मागितले याच्या नोंदवहीत, होते. त्या रात्रीच्या बहुतेक नोंदी शोधयंत्रांच्या आणि एआयसाठी मजकूर गोळा करणाऱ्या बॉटच्या, म्हणजे आपोआप पाने उघडत फिरणाऱ्या प्रोग्रामच्या, होत्या, आणि ते फिल्टरची पाने एकामागून एक उघडत होते.

प्लगइनने प्रत्येक चौकटीची साधी लिंक बनवली होती. आमच्याकडे १८ चौकटी आहेत आणि कितीही एकत्र निवडता येतात, म्हणजे संभाव्य पत्ते २,६२,१४४ होतात. बॉटला प्रत्येक पत्ता हे नवे पान वाटते. कॅशेलाही (तयार पाने साठवून ठेवणाऱ्या सोयीलाही) प्रत्येक पत्ता वेगळा असल्यामुळे आधी तयार करून ठेवलेले पान देता येत नाही आणि दर वेळी त्या तीनशे क्वेरी नव्याने कराव्या लागतात. मोठी योजना घेतली असती तर एवढीच गर्दी थोडी उशिरा दाटली असती आणि तिप्पट पैसे मात्र दरमहा गेले असते.

उपाय आम्ही संकेतस्थळाच्या प्रतीवर आधी करून पाहिले. ते प्लगइन काढून वूकॉमर्सचे स्वतःचे फिल्टर लावले आणि चौकटी सातवर आणल्या. बॉटने कोणती पाने उघडू नयेत हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये फिल्टरचे पत्ते वर्ज्य केले आणि ती सूचना न पाळणाऱ्या बॉटसाठी दर मिनिटाच्या मागण्यांवर मर्यादा घातली. ऑर्डरी स्वतंत्र तक्त्यांत हलवायला एक रात्र लागली. वर्डप्रेसची नियोजित कामे एरवी कोणीतरी पान उघडले की चालतात. ती व्यवस्था बंद करून दर पाच मिनिटांनी सर्व्हरच्या क्रॉनकडून, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीकडून, ती करून घेतली. आता त्याच पानावर ९४ क्वेरी होतात आणि ते एका सेकंदाच्या आत तयार होते. धनत्रयोदशीच्या दिवशी, जुन्याच योजनेवर, संकेतस्थळ एकदाही बंद पडले नाही.

क्वेरी मॉनिटरमध्ये मला काही उणिवाही जाणवल्या. ते स्वतः थोडी मेमरी आणि वेळ खाते, म्हणून काम झाले की बंद करावे. घटकांची पूर्ण माहिती मिळण्यासाठी त्याला एक विशेष फाइल जोडावी लागते. काही होस्टिंगवर ही जोडणी आपोआप होत नाही, आमच्याकडेही ती हाताने करावी लागली. तक्ते वाचायला डेटाबेसची थोडी ओळख हवी. मावसभाऊ शेजारी बसला नसता तर पहिल्या दिवशी मी नुसते आकडे पाहत राहिले असते. पण ज्या दुकानदाराला कोणीही मोठा सर्व्हर घ्यायला सांगत असेल, त्याने पैसे भरण्याआधी एक दुपार या प्लगइनला द्यावी आणि त्याच दुपारी ॲक्सेस लॉगही उघडावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सध्या क्वेरी मॉनिटर बंद करून ठेवले आहे. तुळशीच्या लग्नानंतर ऑर्डरी ओसरल्या की पुन्हा सुरू करून चेकआउटचे पान तपासायचे आहे, कारण पिनकोड टाकल्यावर तेथे होणारा विलंब अजून तसाच आहे.