ट्रॅक, एक साथीदार की पूर्ण आर्केस्ट्रा? पहिल्या एकल कार्यक्रमाआधी

नागपुरात चारचौघांत "मला कॅबरे करायचाय" असं म्हणून बघा. समोरच्याच्या डोळ्यांपुढे हेलन, पिसं आणि खलनायकाचा अड्डा उभा राहतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक बाई आल्या होत्या. बँकेत नोकरी, वय पन्नाशीच्या अलीकडे. त्यांनी हा शब्द उच्चारला आणि माझी आई आतल्या खोलीतून उठून त्यांना बघायला बाहेर आली.

बाईंच्या मनात वेगळंच होतं. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात १८८१ साली ‘ल शा न्वार’ नावाची कॅबरेची जागा सुरू झाली. लहान खोली, जवळजवळ बसलेली माणसं, समोर गाणारा आणि गाण्यांच्या मधे श्रोत्यांशी थेट बोलणं, असा तो प्रकार पुढे जगभर गेला. न्यूयॉर्कच्या कार्लाइल हॉटेलातल्या कॅफेत बॉबी शॉर्ट १९६८ पासून २००४ पर्यंत पियानोवर बसून हेच करत होते. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळची म्हणजे घरगुती बैठक. फरक एवढाच, की बैठकीत गायक बोलत नाही, खाकरतो.

बाईंचा आवाज तयार होता. दहा-बारा वर्षं शिकलेल्या, स्पर्धा केलेल्या, ग्रुपच्या कार्यक्रमांत दोन-दोन गाणी म्हटलेल्या. आता त्यांना सत्तर मिनिटं एकटीनं उभं राहायचं होतं, आणि प्रश्न होता साथीचा. ट्रॅक, म्हणजे गाण्याची आधीच ध्वनिमुद्रित केलेली साथ, लावायचा, एकच वादक घ्यायचा, की पाच-सहा जणांचा आर्केस्ट्रा? मी पेटी आणि कीबोर्ड वाजवतो, म्हणजे माझा तराजू कुठे झुकणार ते आधीच ओळखून घ्या. पण तिन्ही प्रकार जवळून पाहिलेत. दोन मागे बसून, ट्रॅकचा समोर खुर्चीत बसून.

ट्रॅकवर

स्वस्त, सोयीचा, मध्यरात्री रियाजाला बसलात तरी कुरकुर न करणारा. आज नागपुरात हौशी गाण्याचं बहुतेक जग ट्रॅकवरच चालतं आणि त्यानं कितीतरी माणसांना माइकसमोर उभं केलं, हे मान्यच करायला हवं. मूळ गाण्याचा सगळा थाट, व्हायोलिनसकट, फुकटात मागे उभा राहतो.

पण ट्रॅक थांबत नाही. एक ओळ विसरलात की तो पुढे गेलेला असतो आणि तुम्ही बस सुटलेल्या माणसासारखे मागे धावत असता. दुसरी अडचण पट्टीची, म्हणजे ‘सा’ कुठल्या सुरावर धरायचा त्याची. लताबाईंची गाणी मूळ पट्टीत घेणं बहुतेक बायकांच्या गळ्याला जड जातं. ट्रॅक एक-दोन सूर खाली उतरवला तर खपून जातो. चार-पाच उतरवला की बासरीचाही घसा बसतो. मग गायिका ट्रॅक खराब होऊ नये म्हणून स्वतःचा आवाज ताणते. वर्षानुवर्षं असं गायलेले गळे मी ऐकलेत. वरचा सूर लागतो, पण तो ओरडलेला असतो.

गायक म्हणून वाढायचं असेल तर हा मुद्दा पैशांपेक्षा मोठा आहे. ट्रॅकबरोबर तुम्ही मूळ गायिकेच्या श्वासावर श्वास घेता, तिनं ठेवलेल्या जागा घेता, तिच्याच लयीत थांबता. नक्कल उत्तम बसते. मात्र श्रोता तुमच्यापासून पाच हातांवर बसलेला असतो तेव्हा त्याला नक्कल लगेच कळते.

आणि बोलणं? दोन गाण्यांच्या मधे तुम्ही आजीबद्दल काही हळवं सांगता, मग बाजूच्या मुलाकडे बघून मान हलवता, तो बटण दाबतो, तीन सेकंद शांतता, मग धाडकन चाळीस वाद्यं. हळवेपणा तिथेच विरतो. एका कार्यक्रमात तर ट्रॅक थेट इंटरनेटवरून वाजत होता आणि अंतऱ्याआधी साबणाची जाहिरात लागली. लोक हसले, गायिकाही हसली, पण पुढची चार गाणी तिचा सूर हलत होता.

तरीही ट्रॅकच घेणार असाल तर फाइली उतरवून घ्या, फोन विमान मोडवर ठेवा आणि वायरनं जोडा. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो आणि तुम्हाला वाटत राहतं की आपलीच लय चुकतेय.

एकच साथीदार

पेटी किंवा कीबोर्ड वाजवणारा एक माणूस. फार तर शेजारी एक तबलजी.

इथे पहिलं काम गाणं म्हणण्याचं नाही, पट्टी ठरवण्याचं. प्रत्येक गाणं तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत, तीन वेगळ्या दिवशी म्हणून बघायचं. आणि हे संध्याकाळी करायचं, दिवसभराची नोकरी आटोपून, कारण कार्यक्रमही त्याच थकलेल्या गळ्यानं संध्याकाळी सात वाजता व्हायचा असतो. सकाळच्या रियाजाला ठरवलेली पट्टी रात्री दगा देते. शिवाय मुखड्यावरून पट्टी ठरवू नका. अंतऱ्यातला सगळ्यात वरचा सूर आधी बघा. बाई स्वतःला काळी पाचची (पेटीची पाचवी काळी पट्टी म्हणजे आपला ‘सा’) समजत होत्या. आम्ही काळी तीनवर आलो तेव्हा त्यांचे शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आले.

तबला असेल तर आणखी एक हिशेब. दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, तुमच्या पट्टीला मिळवलेला असतो. प्रत्येक गाण्याची पट्टी निराळी असली तर तबलजी तीन-चार तबले घेऊन येणार, नाहीतर गाण्यागणिक हातोडी ठोकत बसणार. गाणी दोन किंवा तीन पट्ट्यांत बसवा आणि एका पट्टीची गाणी लागोपाठ ठेवा.

माझ्या मते या प्रकाराची खरी कमाई गाण्यांच्या मधल्या जागेत आहे. मराठी कार्यक्रमाला वेगळा निवेदक असतो, "आणि आता ऐकू या" म्हणणारा, त्यामुळे गाणाऱ्यांना बोलायची सवयच नाही. एकल कार्यक्रमात ते तुम्हालाच करायचं आहे. तुम्ही बोलत असताना साथीदार हलकेच पुढच्या गाण्याचे सूर धरून ठेवतो. गोष्ट लांबली तर तो फिरत राहतो, लोक हसले तर थांबतो, तुम्ही "तर..." म्हणून श्वास घेतला की मुखडा देतो. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळतच नाही. हे जमायला सहा-सात तालमी लागतात, आणि तालीम बोलण्यासकट करायची. "इथे मी काहीतरी बोलेन" असं म्हणून पुढे जाणारी गायिका कार्यक्रमात काहीतरीच बोलते.

गाण्यालाही कात्री लावता येते. मूळ गाण्यातले मधले म्युझिक तुकडे गळून जातात, दुसरा अंतरा सोडता येतो, एका गाण्याच्या मुखड्यातून दुसऱ्यात शिरता येतं. तेरा गाणी, सरासरी चार मिनिटं, म्हणजे बावन्न. सत्तरांतली उरलेली अठरा मिनिटं बोलण्याची. त्याहून जास्त नको. बाईंनी घरी रंगीत तालीम केली तेव्हा त्यांच्या आत्या मागून म्हणाल्याच, "काहून एवढी बोलून राहिली, गाणं म्हण ना बापा!" आम्ही दोन किस्से तिथेच कापले.

तोटा? आहे. एका वाद्यामागे लपता येत नाही. श्वास तुटला, सूर ढळला, सगळं उघड्यावर. आणि साथीदार मनासारखा मिळाला नाही तर ट्रॅक बरा. पहिल्याच भेटीत त्याला एक गाणं दीड सूर खाली वाजवायला सांगा आणि मधेच मुद्दाम एक ओळ गाळा. तो तुमच्याकडे बघतो की वहीकडे, त्यावर काय ते ठरवा.

पूर्ण आर्केस्ट्रा

लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे, चारशे पाहुणे आहेत, नाचायचं आहे, तर जरूर. लहान खोलीत मात्र ऑक्टोपॅड, म्हणजे तो इलेक्ट्रॉनिक ड्रम, एकटाच सगळ्यांना पुरून उरतो. सहा जणांच्या तालमीची वेळ जुळवणं म्हणजे निवडणुकीनंतरची युती. सहा जण बसलेत म्हणताना तुम्हीही गोष्ट आवरती घेता. पहिल्या कार्यक्रमाला मी हा पर्याय सुचवणार नाही.

पैसे, जागा, महिना

साठ खुर्च्या, दोनशे रुपये तिकीट, सगळी गेली तर १२,०००. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. यात एका साथीदाराचं मानधन, तालमींचे वेगळे पैसे (हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या, नंतर अवघड होतं), जागा आणि साधी साउंड सिस्टीम ओढूनताणून बसते. आर्केस्ट्रा बसत नाही. ट्रॅकवर चार पैसे उरतील.

तिकीट लावून सिनेमाची गाणी म्हणायची तर गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडे विचारणा करावी लागते. ट्रॅक हे आणखी कुणाचं तरी ध्वनिमुद्रण, त्याचे हक्क वेगळे. आपल्याकडे गीत-संगीताचे हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतात, त्यामुळे किर्लोस्कर आणि देवल यांची पदं मोकळी आहेत. एक-दोन नाट्यपदं घ्यायला हे कारणही वाईट नाही.

जागेचं म्हणाल तर रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह सुमारे दोन हजार खुर्च्यांचं. तिथे साठ माणसं म्हणजे रिकाम्या रांगांपुढे गाणं. सिव्हिल लाइन्सचं देशपांडे सभागृह सुंदर, पण तेही या कामाला मोठंच. धरमपेठ-शंकरनगरकडचा एखादा कॅफे, शाळेचा वर्ग, कुणाचा तरी मोठा हॉल बघा. कॅफेवाल्याला ज्यूसचा मिक्सर सत्तर मिनिटं बंद ठेवाल का, हे आधी विचारा.

मे महिन्यात करू नका. पंचेचाळीसच्या उन्हात घसा सुकतो, आणि कूलर लावला तर तोच सगळ्यात मोठ्यानं गातो. लग्नाच्या हंगामात चांगले वादक मिळत नाहीत. आषाढ-श्रावणात लग्नं नसतात, वादक मोकळे असतात, हवेतला ओलावा गळ्याला मानवतो. छत पत्र्याचं नाही ना, तेवढं पाहून घ्या. आदल्या रात्री सावजी नको. जळजळ घशापर्यंत येते.

बाईंनी शेवटी पेटी आणि तबला घेतला. एका गाण्याला मात्र ट्रॅकच हवा म्हणून हटून बसल्या, कारण त्यातली व्हायोलिन्स त्यांच्या वडिलांना आवडायची. मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. कार्यक्रमात वडिलांबद्दल दोन वाक्यं बोलून त्यांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं, सुरुवातीचं म्युझिक संपेपर्यंत काही न करता नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मी पेटीचा भाता मिटून ऐकत बसलो.