अपग्रेडमध्ये कॉन्फिगरेशन फाइल कोणाची टिकते: डेबियन, आरपीएम आणि फ्रीबीएसडी

सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम पुढच्या मुख्य आवृत्तीवर नेताना प्रोग्राम बहुधा निर्वेध बदलले जातात. सेटिंगच्या फाइली जिथे असतात त्या ईटीसी डिरेक्टरीतल्या ज्या फाइलींत आपणही बदल केलेले असतात आणि पॅकेज (प्रोग्राम व त्याच्या फाइलींचा गठ्ठा) तयार करणाऱ्यानेही, त्या फाइलींपाशी मात्र गाडी अडते. अशा प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती विचारात घ्याव्या लागतात: पूर्वी पॅकेजसोबत आलेली मूळ प्रत, आपण बदललेली चालू प्रत आणि नव्या पॅकेजमधली प्रत. सिस्टिम निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. मूळ प्रत कोणी जपून ठेवते का, ही पहिली. आणि कोणती प्रत ठेवायची हे कोण व केव्हा ठरवते, ही दुसरी.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्स सिस्टिममध्ये हा प्रश्न अपग्रेड चालू असतानाच थेट विचारला जातो. डीपीकेजी हे तिथले पॅकेज बसवणारे साधन मूळ फाइलीचा फक्त चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) नोंदवून ठेवते. आपण फाइलीला हात लावला नसेल तर नवी प्रत निमूटपणे बसवली जाते, पॅकेजमधली प्रत बदललेली नसेल तर आपली तशीच राहते, आणि दोन्हीकडे बदल झालेले असतील तरच अपग्रेड थांबून उत्तराची वाट पाहते. नुसते एंटर दाबले तर जुनी प्रत राहते व नवी ‘डीपीकेजी-डिस्ट’ हे शेपूट लावून शेजारी ठेवली जाते. नवी स्वीकारली तर आपली प्रत ‘डीपीकेजी-ओल्ड’ या नावाने उरते. आपण फाइल मुद्दाम काढून टाकलेली असेल तर तोही निर्णय मानला जातो आणि ती फाइल आपोआप परत आणली जात नाही, हा बारकावा मला फार आवडतो.

या पद्धतीच्या उणिवाही आहेत. मूळ प्रतीचा मजकूर हाती नसल्यामुळे ‘डी’ दाबल्यावर दिसणारा फरक केवळ आपली प्रत आणि नवी प्रत यांच्यातला असतो. त्यातली कोणती ओळ आपण बदलली होती आणि कोणती त्यांनी, हे आपल्यालाच आठवावे लागते. एसएसएच सर्व्हर (दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्राम) आणि ग्रब (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) यांच्या मुख्य फाइली मात्र यूसीएफ या वेगळ्या साधनाकडे असतात, आणि ते तिन्ही प्रतींचा मेळ घालण्याचा पर्यायही देऊ शकते. दुसरे असे की, प्रश्न विचारला जातो तोवर नवे प्रोग्राम उलगडून झालेले असतात, म्हणजे ‘नंतर पाहू’ म्हणून टर्मिनल सोडून जाणे म्हणजे पॅकेज अर्धवट अवस्थेत ठेवणे होय. त्यामुळे दूरच्या सर्व्हरवर हे काम टीमक्स किंवा स्क्रीनमध्येच, म्हणजे जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणाऱ्या साधनातच, करावे.

रेड हॅट, फेडोरा, अल्मालिनक्स अशा आरपीएम या पॅकेज-साधनावर चालणाऱ्या लिनक्स सिस्टिम काहीच विचारत नाहीत. निर्णय पॅकेज तयार करणाऱ्याने आधीच घेतलेला असतो. फाइलीवर ‘नोरिप्लेस’ अशी खूण असेल तर आपली प्रत टिकते आणि नवी ‘आरपीएम-न्यू’ नावाने शेजारी येते. नुसती ‘कॉन्फिग’ अशी खूण असेल आणि दोन्हीकडे बदल झालेले असतील, तर नवी प्रत जागेवर बसते व आपली ‘आरपीएम-सेव्ह’ होऊन बाजूला पडते. या दुसऱ्या प्रकारात सेवा सुरू होते, त्रुटीचा संदेशही येत नाही, फक्त आपली सेटिंग गायब झालेली असतात. इशाऱ्याची एक ओळ शेकडो ओळींच्या गर्दीत वाहून जाते. पन्नास यंत्रे एका वेळी अपग्रेड करणाऱ्याला हा मूकपणा सोयीचा वाटतो. मात्र अपग्रेडनंतर या दोन शेपटांच्या फाइली शोधून, ‘आरपीएम-कॉन्फ’सारख्या साधनाने एकेक निकाली काढण्याची शिस्त नसेल, तर ती सोय उधारीची ठरते.

मूळ प्रत खऱ्या अर्थाने जपते ती फ्रीबीएसडी ही युनिक्स-कुळातली सिस्टिम. तिथले ‘ईटीसी-अपडेट’ मूळ फाइलींचे संपूर्ण झाड व्हार डिरेक्टरीत साठवते, एकमेकांना न छेदणारे बदल आपोआप एकत्र करते आणि जिथे दोघांनी एकाच ओळीला हात लावला आहे तेवढेच प्रसंग सोडवायला आपल्यापुढे ठेवते. तयार बायनरी (आधीच संकलित केलेले प्रोग्राम) वापरणाऱ्यांसाठी ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ असाच मेळ घालते व अडलेली फाइल एडिटरमध्ये उघडते. तिथे दोन्ही बाजूंच्या ओळी वेगळ्या दाखवणाऱ्या संघर्षाच्या खुणा न काढता घाईने फाइल जतन केली, तर वापरकर्त्यांची किंवा गटांची यादीच बिघडू शकते. शिवाय ही सोय मूळ सिस्टिमपुरती आहे. वरून बसवलेल्या पॅकेजांच्या बाबतीत आपण बदललेली फाइल सहसा तशीच ठेवून शेजारी नवी नमुना फाइल दिली जाते.

निव्वळ मजकूर जुळवण्यापुरते पाहिले तर फ्रीबीएसडीची पद्धत सरस आहे, असे माझे मत आहे. परंतु कोणतीही पद्धत ओळी पाहते, अर्थ पाहत नाही. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. या आवृत्तीत बूटच्या वेळी कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) सेटिंग लावणारी सिस्टिमडीची (यंत्रावरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) सेवा ईटीसीतली ‘सिसकंट्रोल-कॉन्फ’ ही जुनी फाइल वाचतच नाही, त्यामुळे ती फाइल जशीच्या तशी जपूनही तिच्यातल्या ओळी निष्प्रभ होतात. त्या ‘सिसकंट्रोल-डी’ डिरेक्टरीतल्या फाइलीत हलवाव्या लागतात. याच आवृत्तीत डव्हकॉट या मेल सर्व्हरची २.४ ही आवृत्ती आली असून तिची कॉन्फिगरेशनची रचना २.३ शी सुसंगत नाही, म्हणजे सवयीने ‘जुनी ठेवा’ असे उत्तर दिले तर मेल सर्व्हर बंद पडतो. डीपीकेजीच्या प्रश्नात यातले काहीही दिसत नाही. ते कळते प्रकाशन टिपणांतून, आणि ती अपग्रेडच्या आधी वाचायची असतात.

म्हणूनच सिस्टिम कोणतीही असो, मुख्य फाइलीला हात न लावता आपले बदल ‘डी’ने संपणाऱ्या डिरेक्टरीत छोट्या स्वतंत्र फाइलींत ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मुख्य फाइल अस्पर्शित राहिली की तिन्ही सिस्टिम ती न विचारता बदलतात आणि वादच उरत नाही. मात्र या छोट्या फाइलींचा क्रम फसवा असतो. कर्नलच्या सेटिंगमध्ये नंतर वाचलेली किंमत लागू होते, म्हणून ‘९९’ने सुरू होणारे नाव योग्य ठरते, एसएसएच सर्व्हरमध्ये मात्र बहुतेक सेटिंगची आधी वाचलेली किंमतच टिकते. क्लाउडवरच्या यंत्रांत क्लाउड-इनिटने (यंत्राची पहिली मांडणी करणाऱ्या साधनाने) ‘५०’ क्रमांकाची फाइल आधीच टाकलेली असेल आणि पासवर्डने प्रवेश बंद करणारी ओळ आपण ‘९९’ क्रमांकाच्या फाइलीत लिहिली, तर ती लागू होतेच असे नाही. तिथे ‘१०’ने सुरुवात करावी.

एक-दोन सर्व्हर स्वतः सांभाळणाऱ्याने डेबियन घ्यावी, सोबत ‘ईटीसी-कीपर’ बसवावे आणि प्रत्येक प्रश्नाला फरक पाहूनच उत्तर द्यावे. ईटीसी-कीपर ईटीसी डिरेक्टरी गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवून पॅकेज बसवण्याआधी व नंतर आपोआप नोंद करते, त्यामुळे डीपीकेजीकडे नसलेला मूळ मजकूरही बहुतेक वेळा इतिहासात सापडतो. त्या साठ्यात पासवर्डच्या हॅशची फाइलही असते, म्हणून तो बाहेरच्या गिट सेवेवर ढकलू नये. अनेक यंत्रे ॲन्सिबलने, म्हणजे साच्यांवरून सर्व यंत्रांवर फाइली तयार करणाऱ्या साधनाने, चालवणाऱ्याच्या हाती मूळ सत्य त्या साच्यांतच असते, त्यामुळे त्याला आरपीएमचा मूकपणा खुपत नाही. त्याने डेबियन वापरली तर ‘कॉन्फ-डेफ’ आणि ‘कॉन्फ-ओल्ड’ हे दोन्ही पर्याय डीपीकेजीला स्पष्टपणे द्यावेत. केवळ संवादरहित स्थिती निवडल्याने फाइलींबद्दलचे प्रश्न थांबत नाहीत. साचे मात्र नव्या आवृत्तीसाठी आधी एका चाचणी यंत्रावर तपासून घ्यावेत.

अपग्रेड संपल्यावर एसएसएच सर्व्हरची प्रत्यक्ष लागू असलेली सेटिंग मोठ्या ‘टी’च्या पर्यायाने छापून पाहावीत आणि चालू सत्र बंद न करता दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन होते का, हे पाहून मगच यंत्र रीबूट करावे.