निजामकाळातली म्हणून विकलेली अत्तरकुपी

छत्रपती संभाजीनगरात ७,५०० रुपयांना विकली गेलेली, ९ सेंटिमीटर उंचीची हिरवट अत्तरकुपी आमच्याकडे तपासायला आली. विकणाऱ्याने तीन गोष्टी सांगितल्या होत्या: निजामकाळातली आहे, बेल्जियम काच आहे, युरेनियमची आहे. तिसरी त्याने दाखवूनही दिली. दुकानातला दिवा मालवून जांभळा, म्हणजे अतिनील किरणांचा, टॉर्च मारला, कुपी पोपटी उजळली आणि घेणाऱ्याने पैसे मोजले.

काचेत युरेनियम खरोखरच होतं, फसवणूक झाली ती वयाची आणि ‘बेल्जियम काचे’ची. युरेनियमची काच १८३० च्या दशकात बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) बनू लागली आणि आजही बनते. टॉर्चमुळे काचेत काय मिसळलंय एवढंच कळतं, ती कधी ओतली ते नाही. मँगनीज असलेली काचही मंद हिरवी उजळते, त्यामुळे उजळणारी प्रत्येक काच युरेनियमचीही नसते.

‘निजामकाळ’ हा शब्दही नीट ऐका. हैदराबादच्या निजामांची, म्हणजे आसफजाही घराण्याची, राजवट १७२४ ते १७ सप्टेंबर १९४८ अशी सव्वादोनशे वर्षांची. १९४७ ची बाटलीसुद्धा त्यात बसते, पण तिला अजून शंभर वर्षं झालेली नाहीत.

कुपी हातात आली की आधी साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथे उमटलेली उंचवट रेघ, शोधा. बाटली उन्हात आडवी धरून नखाने बुडापासून वर जा. हाताने तोंड घडवलेल्या बाटलीत शिवण मानेवर, ओठाच्या खाली विरते. या कुपीची शिवण थेट ओठावरून पलीकडे गेली होती, म्हणजे यंत्रावरची बाटली. बाटल्यांचं पूर्ण स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास आलं, त्याआधीची ती असण्याची शक्यता फार कमी. हा नियम अरुंद मानेच्या बाटल्यांपुरताच आहे. दाबून बनवलेल्या वाट्या-बशांना तो लावू नका, तिथे जुन्या मालातही शिवण काठापर्यंत जाते.

पैलूंवरून बोट फिरवा. चाकावर कापलेल्या पैलूची कड धारदार लागते, साच्यातून आलेली गोलसर. इथे सगळ्या कडा गोलसर होत्या.

‘बेल्जियम काच’ म्हणजे विकणाऱ्यांच्या तोंडी भारी क्रिस्टल, शिसं मिसळलेली जड काच. ते घरी पडताळता येतं. ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. बुचाशिवाय कोरडी कुपी तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. कुपी त्याच भांड्यातल्या पाण्याने भरून, आत बुडबुडा न ठेवता, दोऱ्याने पूर्ण बुडवा, पण तळाला वा कडेला टेकू देऊ नका. कोरड्या वजनाला आता दिसणाऱ्या आकड्याने भागा. या कुपीचे ११० ग्रॅम, पाण्यातला आकडा ४४, उत्तर २.५. ही साधी सोडा काच. शिशाचं क्रिस्टल ३ च्या आसपास येतं. बुडबुडा राहिला तर पाण्यातला आकडा फुगतो आणि उत्तर कमी येतं, म्हणून दोनदा करा.

बुडाची झीज दहापट भिंगाखाली बघा. वर्षानुवर्षं टेकून सरकलेल्या काचेवर बारीक ओरखडे वेड्यावाकड्या दिशांनी असतात, तेही टेकणाऱ्या कडेवरच. पॉलिश पेपरने घासलेले एकाच दिशेने जातात आणि जिथे काच टेकतच नाही त्या खळग्यातही उतरतात. इथे तसंच होतं.

आतला पांढुरका थर ‘जुनेपणाचा’ म्हणून दाखवला होता. आपल्याकडच्या जड बोअरच्या पाण्याने असा थर सहज चढतो. रात्रभर व्हिनेगर भरून ठेवल्यावर तो निघून गेला. काच खरोखर खराब झालेली असती तर धूसरपणा तसाच राहिला असता.

पैसे देण्याआधी पावतीवर ‘१०० वर्षांहून जुनी’ असं लिहून मागा आणि पुरावशेषांच्या, म्हणजे अशा जुन्या वस्तूंच्या, विक्रीचा परवाना क्रमांकही. १९७२ च्या कायद्याने असा माल विकण्याचा व्यवसाय करायला परवाना लागतो. या कुपीच्या कागदावर फक्त ‘काचेची बाटली, १ नग’ असं होतं, त्यामुळे तक्रारीला आधार उरला नाही.