ठिबकच्या लॅटरलचा स्विमिंग पूल हीटर: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

ठिबक सिंचनाची काळी प्लॅस्टिकची नळी म्हणजे लॅटरल. ती आम्ही छपराच्या पत्र्यावर पसरली आहे, पंप पुलाचं पाणी तिच्यातून फिरवतो आणि ते उन्हाने तापून पुलात परत येतं. मागच्या आठवड्यात भर दुपारी लाइट गेली, पंप बंद पडला आणि पत्र्यावरची निम्मी लॅटरल चपटी झाली. कारण एवढंच की नळीत हवा आत घेणारा दोनशे रुपयांचा एअर व्हॉल्व्ह धुळीने अडकला होता. दुकानदाराकडे नेला तर म्हणाला, 'ठिबकला वापरलेला नाही, बदलून मिळणार नाही.' माझा संताप अजून उतरलेला नाही, त्यामुळे हा अनुभव जास्त करून त्या व्हॉल्व्हबद्दलच आहे.

गिरणारे रस्त्यावर मळ्यात आमचा छोटा पूल आहे, 20 बाय 10 फूट, चार फूट खोल, म्हणजे साडेबावीस हजार लिटर पाणी. वडिलांना गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी रोज पाण्यात चालायला सांगितलंय. नाशिकच्या थंडीत मात्र नोव्हेंबर सरता सरता त्यांचं उतरणं बंद व्हायचं आणि गुडघे पुन्हा आखडायचे. एवढं पाणी एक अंशाने तापवायला 26 युनिट लागतात. साध्या विजेच्या हीटरचा हिशोब तिथेच संपला. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या हीट पंपाचं कोटेशन आलं, त्याच्या पाचव्या हिश्श्यात आमचं सगळं काम झालं.

16 एमएमची प्लेन (ड्रिपरची भोकं नसलेली) लॅटरल, 500 मीटरची दोन बंडलं. हे 16 चौरस मीटर काळं अंग होतं, पुलाच्या पृष्ठभागाच्या 85 टक्के. निम्म्याच्या खाली जाऊ नका. सहा-सहा मीटरचे तुकडे, दोन्ही टोकांना 63 एमएमची सबमेन (सगळ्या लॅटरलना जोडणारी जाड नळी), जोडाला ग्रोमेट (रबरी कडी) आणि टेकऑफ (लॅटरल अडकवायचा तुकडा). पत्रा दक्षिणेला उतरता होता हे आमचं नशीब. द्राक्षबागेतली जुनी लॅटरल वापरून पैसे वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण ड्रिपरची भोकं बुजवत बसणं परवडत नाही. नवी प्लेनच घ्या.

डिसेंबरात मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की ग्रोमेट हा या सगळ्यातला कच्चा दुवा आहे. सकाळी पंप लावला की ठिकठिकाणी पाणी टपकायचं, ऊन चढलं की थांबायचं. फेब्रुवारीत मत बदललं. ही प्लॅस्टिकची नळी पहाटेपासून दुपारपर्यंत सहा मीटरला चार-पाच सेंटीमीटर वाढते आणि रात्री तेवढीच आकसते. फिटरने दोन्ही सबमेन पत्र्याला करकचून आवळल्या होत्या, त्यामुळे सगळा ताण ग्रोमेटवर यायचा. खालच्या सबमेनचे क्लॅम्प ढिले केले, तिला सरकायला जागा दिली, टपकणं बंद झालं. ग्रोमेट तेच आहेत.

येणारे-जाणारे पाणी परत येतं तिथे हात धरतात आणि म्हणतात, 'एवढंच कोमट?' एवढंच असायला हवं. परतीचं पाणी पुलापेक्षा तीन-चार अंशच गरम असावं. पंप हळू चालवून चटका बसेल असं पाणी काढलं तर नळी तापते आणि तिची उष्णता हवेतच जाते. पाणी भरपूर वाहिलं की तीच उष्णता पुलात उतरते. स्वच्छ उन्हात दिवसाला दीड अंश चढतं आणि रात्री बबल शीट (पाण्यावर पसरायची फुग्यांची प्लॅस्टिक चादर) घातली तर बरंचसं टिकतं. शीट हवीच. पुलाची उष्णता सर्वात जास्त बाष्पीभवनात जाते, हे शीट काढून ठेवलेल्या एका रात्रीत कळतं. जानेवारीत पाणी 26 वर होतं आणि वडील रोज अर्धा तास चालत होते. माझ्यासाठी पैसे तिथेच फिटले.

आता व्हॉल्व्ह. पंप थांबला की छपरावरचं पाणी पुलाकडे धावतं आणि वर पोकळी होते. दहा-बारा फुटांच्या उताराची ओढ तापून मऊ झालेल्या लॅटरलला बसते. तेवढ्यात व्हॉल्व्हने हवा आत घेतली तर पाणी निमूट उतरतं, नाही घेतली तर नळी चिकटते. ठिबकच्या सवयीने फिटरने तो सर्वात उंच जागी, परतीच्या सबमेनवर बसवला. तिथे पंप चालू असतानाही परतीचं पाणी खाली ओढत असतं, म्हणून व्हॉल्व्ह दिवसभर हवा गिळायचा आणि पुलात बारीक बुडबुड्यांची रांग लागायची. असे बुडबुडे दिसले तर पंपाला दोष देऊ नका. व्हॉल्व्ह काढून पाणी छपरावर चढतं त्या सबमेनवर बसवा, तिथे दाब असतो. आमचे बुडबुडे त्याच दिवशी गेले. धुळीसाठी आता त्याच्या तोंडावर जाळी बांधली आहे, आणि पंधरवड्यातून एकदा आतला गोळा बोटाने दाबून बघतो. सुटा हलला पाहिजे.

एप्रिलमध्ये एक सुखद धक्का बसला. पाणी 32 वर गेलं आणि वडिलांना ते नकोसं होऊ लागलं. रात्री शीट काढून पंप लावला तर तीच काळी नळी मोकळ्या आकाशाखाली पाणी गार करू लागली. तयार काचेच्या पॅनेलला हे जमत नाही, त्यांची काच उष्णता धरून ठेवते. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं, तेवढं मात्र वारंवार तपासावं लागतं.

चपट्या झालेल्या नळ्यांतल्या बऱ्याचशा पाणी भरल्यावर पुन्हा फुगल्या, ज्यांना घडी पडली त्या बदलाव्या लागतील. पावसाळ्यात सगळं रिकामं करून टोकं बंद करणार आहे. लॅटरल घ्यायची असेल तर तेव्हाच घ्या, द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की दिंडोरी रोडवरच्या दुकानांत कुणी भावात उतरत नाही.