पोरीच्या नावे पैसे कुठे टाकायचे? सुकन्या, पीपीएफ, लेक लाडकी आणि पोस्टातल्या बाकीच्या योजना

कापूस मोजून दिला, व्यापाऱ्याचा हिशेब झाला, दुकानदाराची खतं-बियाण्याची उधारी फिटली आणि तरीही हातात चार पैसे उरले, की आपल्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “भाऊ, पोरना नावे पैसा कोठे टाकू?” उत्तर देणारा बहुतेक वेळा एका दमात “सुकन्यात टाक”, म्हणजे मुलींसाठीच्या सुकन्या समृद्धी बचत योजनेत टाक, म्हणून मोकळा होतो. हे उत्तर चुकीचं नाही, पण ते कुणाच्या घरात दिलं जातंय यावर त्याचा खरेपणा अवलंबून आहे. पोरगी वर्षाची आहे की नऊ वर्षांची, पैसा पगारातून येतो की हंगामाला, रेशनकार्ड पिवळं आहे की पांढरं, या तीन गोष्टी आधी बघायच्या आणि व्याजाचा दर त्यानंतर.

सगळ्यात आधी फुकटचं. लेक लाडकी ही बचत योजना नाही, राज्य सरकारचं अनुदान आहे. तरी लोक तिची सुकन्याशी तुलना करतात आणि “आमचं लेक लाडकीत झालंय” म्हणून सुकन्या उघडत नाहीत. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगी, घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल, तर जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार मिळतात. एकूण १ लाख १ हजार. शेवटच्या हप्त्यासाठी मुलगी अविवाहित हवी. पहिला मुलगा आणि दुसरी मुलगी असली तरी मुलीला लाभ मिळतो. दुसऱ्या बाळंतपणानंतर आई किंवा वडिलांनी कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते, आणि पुढचे हप्ते घेताना त्याचा दाखला मागतात.

अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. तिथे अडतं ते बहुतेक कागदांवर. जन्मदाखल्यावर मुलीचं नावच नसतं (बारशाआधी दाखला काढलेला असतो), आधारवर आईचं नाव माहेरचं असतं, किंवा उत्पन्नाचा दाखला जुना असतो. शहादा-अक्कलकुव्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी गाव सोडण्याआधी हे काम उरकलेलं बरं. मात्र हेही लक्षात ठेवा की ७५ हजारांचा मोठा हप्ता सगळ्यात आधीच्या मुलींनाही २०४१ मध्येच मिळणार, आणि तेव्हाच्या ७५ हजारांत काय येईल ते सांगायला ज्योतिषी नको. म्हणून लेक लाडकी घ्यायचीच, पण तिच्या भरवशावर बसायचं नाही.

आता बचत. सुकन्या समृद्धी जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडायचं. वर्षाला किमान २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. एका घरात दोनच मुलींची खाती, जुळ्या-तिळ्यांना सूट. व्याज जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के आहे. हा दर कायमचा नाही, सरकार दर तिमाहीला ठरवतं. २०२० ते २०२३ च्या काळात तो ७.६ होता. पैसे १५ वर्षं भरायचे आणि खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी सगळी रक्कम मिळते. मधली सहा वर्षं काही न भरता व्याज चढत राहतं.

पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) त्याहून जुनी आणि मुलगा-मुलगी भेद न करणारी. आईच्या, वडिलांच्या किंवा मुलीच्या नावे उघडता येते. मात्र पालकाचं स्वतःचं खातं आणि त्याने चालवलेलं मुलीचं खातं मिळून वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा. किमान ५०० रुपये, मुदत १५ वर्षं, व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के.

दोन्ही समोरासमोर ठेवू. दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या चार दिवसांत १२ हजार रुपये, अशी १५ वर्षं, म्हणजे एकूण १ लाख ८० हजार. दर आजचेच राहिले असं धरलं, तर सुकन्यात २१ वर्षांनी साधारण ५ लाख ७४ हजार होतात. पीपीएफमध्ये तेच पैसे १५ वर्षांनंतर न काढता आणखी सहा वर्षं तसेच ठेवले तर साधारण ४ लाख ९१ हजार. फरक ऐंशी हजारांच्या वर. दोन्हींच्या व्याजाला आयकर नाही. त्यामुळे तान्ही मुलगी असेल तर इथे फार डोकं चालवायची गरज नाही, सुकन्याच. वर्षाच्या आत खातं उघडलं तर तिच्या सोळाव्या वर्षापर्यंत भरणा संपतो आणि एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, पदवी हातात असताना, पूर्ण रक्कम मिळते.

पण मुलगी नऊ वर्षांची असेल तर हेच गणित बदलतं, आणि “सुकन्यात टाक” म्हणणारे नेमकं हे सांगत नाहीत. एकवीस वर्षं खातं उघडल्यापासून मोजतात, मुलीच्या जन्मापासून नाही. नऊ वर्षांच्या मुलीचं खातं पिकणार ती तीस वर्षांची झाल्यावर. त्याआधी दोनच मोठ्या वाटा आहेत. एक, ती अठराची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर (जे आधी होईल ते) शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या जास्तीत जास्त निम्मे, तेही प्रवेशाचा कागद आणि फीची पावती दाखवून, फीइतकेच. दुसरी, अठरानंतर लग्न ठरलं तर लग्नाआधी एक महिना ते लग्नानंतर तीन महिने या काळात खातं बंद करता येतं.

आता जळगाव किंवा धुळ्याच्या कॉलेजात बारावीनंतर प्रवेश घ्यायचाय असं धरा. नऊ वर्षं १२ हजार भरलेत, म्हणजे १ लाख ८ हजार. सुकन्यात शिल्लक होते साधारण १ लाख ६३ हजार आणि त्यातले हातात येतात फार तर ८१-८२ हजार. तेच पैसे आईच्या पीपीएफमध्ये असतील, तर पाच आर्थिक वर्षं पूर्ण झाल्यावर मुलांच्या उच्च शिक्षणासाठी खातं मुदतीआधी बंद करता येतं. दंड म्हणून पहिल्यापासूनचं व्याज एक टक्क्याने कमी धरतात. ६.१ टक्क्यांनीही साधारण १ लाख ४७ हजार होतात, आणि ते सगळे मिळतात. म्हणजे दर कमी, दंड भरलेला, तरी प्रवेशाच्या खिडकीवर उभं असताना जास्त पैसा पीपीएफवाल्या आईकडे. सुकन्यातला उरलेला निम्मा भाग बुडत नाही, वाढतच राहतो, हे खरं. पण ज्याला अठराव्या वर्षी हवाय त्याला तिसाव्या वर्षाचा पैसा दाखवून काय उपयोग? माझं मत स्पष्ट आहे. मुलगी पाचच्या आतली असेल तर सुकन्या, सात-आठच्या पुढे असेल आणि हेतू शिक्षणाचा असेल तर आईच्या नावे पीपीएफ. मधल्या वयाला दोन्हींत थोडं थोडं टाकलं तरी बिघडत नाही.

आईच्या नावे म्हणतोय ते मुद्दाम. पीपीएफमध्ये तिसऱ्या ते सहाव्या वर्षात शिलकीवर कर्ज मिळतं आणि सातव्या वर्षापासून काही रक्कम काढता येते. सोय आहे, पण आपल्याकडच्या घरात ही सोय म्हणजे भोक आहे. उन्हाळ्यात विहीर आटली, बोअर मारायची ठरली, ट्रॅक्टरचा हप्ता थकला, की सगळ्यात आधी आठवतो तो हा पैसा. म्हणून खातं आईच्या हातात असलेलं बरं. सुकन्यावर कर्जच मिळत नाही. वडील कितीही अडचणीत असले तरी नुसत्या अडचणीसाठी ते खातं मोडता येत नाही. खातेदाराचा मृत्यू, पालकाचा मृत्यू, जीवघेणा आजार अशी कारणं लागतात. काहींना हा जाच वाटतो. मला तर सुकन्याची खरी किंमत तिथेच दिसते, टक्काभर जास्तीचं व्याज नंतर. पीपीएफच्या बाजूने एक गोष्ट मात्र मोठी आहे: कर्जवसुलीच्या दाव्यात कोर्टाला पीपीएफवर टाच आणता येत नाही. ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पैसा घरात कसा येतो, त्याचं बोलू. सुकन्या आणि पीपीएफ दोन्हींत दर महिन्याला भरायचं बंधन नाही. केळीचा माल निघाला तेव्हा एकदम वीस हजार, कापूस विकला तेव्हा दहा, मधे काहीच नाही, असं चालतं. व्याज मात्र महिन्याच्या पाच तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिलक असते तिच्यावर धरतात. पाच तारखेच्या आत भरलं तर तो महिना मिळतो, सहाला भरलं तर गेला. बरेच जण डिसेंबर-जानेवारीत हातात आलेला पैसा घरात ठेवतात आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टाच्या रांगेत उभे राहतात. दोन-तीन महिन्यांचं व्याज विनाकारण सोडतात, शिवाय घरातला पैसा घरात टिकतो का, तो वेगळा विषय. नोकरदाराने एप्रिल सुरू होताच भरावं. आखाजी (अक्षय्य तृतीया) येईपर्यंत थांबलात तरी एक महिना गेलाच.

एखादं वर्ष पावसाने किंवा बोंडअळीने खाल्लं आणि सुकन्यात २५० रुपयेही पडले नाहीत तर खातं बुडत नाही. चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ५० रुपये दंड आणि किमान रक्कम भरली की ते पुन्हा चालू होतं.

आरडीचं तसं नाही. पोस्टाची पाच वर्षांची आवर्त ठेव म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता. चुकला की शंभराला एक रुपया दंड, चार हप्ते चुकले की खातं खंडित. व्याज ६.७ टक्के, महिना हजार रुपयांचे पाच वर्षांनी ६० हजारांचे साधारण ७१ हजार होतात. हंगामी उत्पन्नाच्या घराला आरडी सोयीची नाही. तरी गावोगाव आरडीच जास्त दिसते, याचं एक साधं कारण आहे. आरडीवर एजंटला कमिशन मिळतं. पीपीएफवरचं कमिशन २०११ मध्ये बंद झालं आणि सुकन्यावर ते नाही. एजंटताई दारात येऊन पैसे नेते, पावती देते, तिचीही मेहनत आहे. तिच्यामुळे कित्येक बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचं पासबुक आलं. फक्त ती सुकन्याचं नाव का काढत नाही, ते यावरून समजून घ्या. सुकन्याचं खातं गावच्या शाखा डाकघरातही उघडतं, तालुक्याला जायची गरज नाही.

एकरकमी पैसा आला असेल, जमिनीचा मोबदला किंवा निवृत्तीची रक्कम, तर दोन जुन्या गोष्टी. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र पाच वर्षांचं, ७.७ टक्के, लाखाचे साधारण १ लाख ४५ हजार होतात. किसान विकास पत्र ११५ महिन्यांत, म्हणजे नऊ वर्षं सात महिन्यांत दुप्पट. आठ वर्षांच्या मुलीसाठी आज घेतलेलं विकास पत्र ती अठराची होता होता दुप्पट होऊन हातात येतं, वयाचा मेळ छान बसतो. दोन्हींच्या व्याजावर मात्र आयकर लागतो. ज्याचं उत्पन्न शेतीचंच आहे त्याला त्याची फारशी फिकीर नाही, पगारदाराला आहे. पगारदाराने आणखी एक पाहावं: सुकन्या-पीपीएफमध्ये भरलेल्या पैशांवरची आयकराची वजावट (लोक जिला ८० सी म्हणतात ती) जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी प्रणाली घेतली असेल तर भरताना सूट नाही, व्याज तेवढं करमुक्त.

महिला सन्मान बचत पत्राबद्दल अजून विचारणा होते. ती योजना ३१ मार्च २०२५ ला नव्या खात्यांसाठी बंद झाली. २०२४ मध्ये आलेली एनपीएस वात्सल्य ही मुलांच्या नावे उघडायची पेन्शन योजना बाजाराशी जोडलेली आहे, परताव्याची हमी नाही आणि मूळ हेतू मुलीच्या म्हातारपणाचा आहे. शिक्षणासाठी पैसा हवा असणाऱ्याने तिच्या नादी लागू नये. आणि सोनं? जळगावात राहून सोन्याला नावं ठेवणं म्हणजे सराफ बाजारात उपाशी फिरण्यासारखं. घ्या, थोडं घ्या, गेल्या काही वर्षांत त्याने भलतं दिलंय. फक्त दागिना फीच्या वेळी मोडताना मजुरी गेलेली असते आणि आईचे डोळे भरलेले असतात.

सुकन्या उघडताना मुलीचा जन्मदाखला, पालकाचं आधार, पॅन आणि फोटो लागतात. पालक म्हणजे आई, वडील किंवा कोर्टाने नेमलेला पालक. आजोबांनी हौसेने नातीचं खातं स्वतःच्या नावे चालवायचं, हे आता चालत नाही. अशी जुनी खाती ऑक्टोबर २०२४ पासून आई-वडिलांकडे वर्ग करायला सांगितली गेली आहेत. आजोबांनी पैसे द्यावेत, सही बापाने किंवा मायने करावी. कामासाठी घर सुरतला किंवा पुण्याला हललं तर खातं तिकडच्या पोस्टात किंवा बँकेत नेता येतं, त्यासाठी ते बंद करायची गरज नाही. मुलगी अठराची झाली की खातं तिचं तिने चालवायचं असतं. तेव्हा तिचं आधार, पॅन आणि सहीचा नमुना नव्याने द्यावा लागतो, नाहीतर फी भरायच्या ऐन आठवड्यात पैसे निघत नाहीत.