‘कृपया एकच विषय निवडा’ : ऑनर्सच्या प्राध्यापकभरतीसाठी वापरलेलं पोर्टल

पोर्टलचं नाव देत नाही. या धंद्यातली बहुतेक पोर्टलं थोड्याफार फरकाने सारखीच असतात, एकालाच कशाला झोडपायचं? आमच्या विद्यापीठाने प्राध्यापकभरतीसाठी ते वर्गणी भरून घेतलं, आणि ऑनर्स कॉलेजच्या आंतरविद्याशाखीय जागेच्या निवड समितीत माझं नाव असल्याने ते माझ्या वाट्याला आलं. तुम्हाला गणिताची किंवा रसायनशास्त्राची जागा भरायची असेल तर पुढचं वाचूच नका. खुशाल घ्या, छान चालतं.

आमची जागा वेगळी होती. ऑनर्सचं शिकवणं म्हणजे हुशार मुलांना जास्तीचा अभ्यासक्रम, असा समज विद्यापीठातल्या लोकांचाही असतो. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात फ्रँक एडलॉट यांनी 1922 मध्ये ऑनर्स सुरू केलं ते ऑक्सफर्डची शिकवणी डोळ्यांपुढे ठेवून: छोटे सेमिनार, मुलांनी स्वतः लिहून आणायचं, आणि शेवटी परीक्षा बाहेरच्या परीक्षकांनी घ्यायची. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजात तर सगळ्या शाखांची पहिल्या वर्षाची मुलं एकाच प्रकारच्या सेमिनारला बसतात. इंजिनिअरिंगवाला आणि नृत्यवाली एकाच टेबलाला. ते टेबल सांभाळणारा माणूस आम्हाला हवा होता.

आणि पोर्टल उमेदवाराला पहिल्याच पानावर विचारतं: तुमचा विषय? खाली ड्रॉपडाऊन. एकच निवडा.

यादी कुठून उचलली ते लगेच ओळखू येतं. अमेरिकी शिक्षणखात्याच्या अभ्यासक्रम-वर्गीकरणावर ती बेतलेली आहे. त्या वर्गीकरणात 30 क्रमांकाचं एक खास घर आंतरविद्याशाखीय विषयांसाठी आहे, आणि त्यात काय काय नांदतं ते एकदा बघाच: शांतता अभ्यास, संग्रहालयशास्त्र, वार्धक्यशास्त्र, पोषणशास्त्र, डेटा सायन्स. म्हणजे आंतरविद्याशाखीयतेचेही ठरलेले कप्पे! आपण त्यातल्या कप्प्यात बसत नसलो तर ‘इतर’. आणि ‘इतर’ निवडलं की आमच्या पोर्टलची आपोआप चाळणी अर्ज सरळ ‘पात्रता अपूर्ण’मध्ये ढकलते. हे कुठेही ठळक लिहिलेलं नाही. कार्यालयातल्या समन्वयक बाईंनी सहज म्हणून नाकारलेल्यांची यादी एक्सेलमध्ये उतरवून आणली तेव्हा समितीला कळलं. त्या यादीत एक भूशास्त्रज्ञ सापडला. पीएचडी खडकांवर, पुढचं सगळं काम साथीचे रोग आणि शहरातलं भूजल यावर, त्यातही निम्मं जुन्या दप्तरांतून शोधलेलं. त्याच्याकडे परत येते.

चाळणीतून वाचलेल्यांचं काय? समितीतला प्रत्येकजण निकषांवर गुण देतो आणि पोर्टल सरासरी काढून क्रमवारी लावतं. इथे माझा खरा आक्षेप आहे. एका उमेदवाराला आमच्यापैकी दोघांनी पाचपैकी पाच दिले आणि दोघांनी दोन. दुसऱ्याला चौघांनीही साडेतीन. सरासरी दोघांची तीच, पोर्टलच्या लेखी दोघं सारखेच. पण दोन विद्याशाखांत पाय असलेल्या माणसाचे गुण विखुरणारच! इतिहासवाल्याला त्याचं संख्याशास्त्र कळत नाही, संख्याशास्त्रवालीला त्याचा इतिहास सैल वाटतो. 2016 मध्ये ‘नेचर’मध्ये ऑस्ट्रेलियन रिसर्च काउन्सिलकडे आलेल्या निधी-अर्जांचा अभ्यास छापून आला होता. प्रस्ताव जितका आंतरविद्याशाखीय, तितकी निधी मिळण्याची शक्यता कमी, हे त्यातून दिसलं होतं. आमच्या समितीत ते घडताना मी समोर बसून पाहिलं. गुणांचा विखुरलेपणा दाखवणारा आलेख पोर्टलमध्ये आहे, नाही असं नाही, पण तो ‘तपशील’ टॅबच्या आत, आणखी एका बाणामागे. अध्यक्षांना तो मी उघडून दाखवला तोवर यादी जवळजवळ पक्की होत आली होती.

आता चांगलं. शिफारसपत्रांची सोय अव्वल आहे. पत्र लिहिणाऱ्याला थेट दुवा जातो, उमेदवाराला पत्र दिसत नाही, आणि आठवणीचे मेल पोर्टलच पाठवतं. आपल्याला कोणाच्या मागे लागावं लागत नाही. त्याहून आवडलं ते हे: तुम्ही स्वतःचा शेरा जमा करेपर्यंत इतरांचे शेरे दिसत नाहीत. ज्येष्ठ प्राध्यापकांनी पहिल्याच बैठकीत मान हलवायची आणि बाकीच्यांनी री ओढायची, हा प्रकार त्यामुळे बराच थांबला. एवढ्यासाठी मी पोर्टलचे अर्धे गुन्हे माफ करायला तयार आहे.

पण शेवटी निवड झाली ती पोर्टलच्या बाहेर, नमुना तासाला. आमच्या ऑनर्सच्या मुलांसमोर तास घ्यायचा आणि मुलांनीही लेखी मत द्यायचं, असा आमचा नियम. क्रमवारीत पहिल्या आलेल्या उमेदवाराने स्वतःच्या संशोधनाच्या स्लाइड्स दाखवल्या. ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द जवळपास प्रत्येक स्लाइडवर होता आणि मुलांना तोंड उघडायची संधी एकदाही मिळाली नाही. अर्ज मात्र देखणा होता हं.

नाकारलेल्यांच्या यादीतून परत घेतलेल्या त्या भूशास्त्रज्ञाने एकच कागद वाटला. 1854 च्या लंडनमधल्या कॉलऱ्याचा नकाशा, शीर्षक कापलेलं. तो काढणारे डॉक्टर जॉन स्नो यांचं म्हणणं होतं की कॉलरा पाण्यातून पसरतो. काय दिसतंय एवढंच विचारून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ कोणी बोललं नाही, आमच्या अध्यक्षांची चुळबुळ सुरू झाली. मग संगणकवाल्या मुलीने रस्त्यांकडेचे काळे पट्टे मोजायला घेतले आणि म्हणाली, ही माणसं आहेत. एकाने विचारलं, इथे दारूची भट्टी दाखवलीये, तिच्यापाशी पट्टे का नाहीत? तेव्हा कुठे तो बोलला: तिथले कामगार बीअर प्यायचे, स्नोंचा संशय होता त्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी नाही. शेजारच्या अनाथ-निराधारांच्या वर्कहाउसला स्वतःची विहीर होती, तिथेही मृत्यू कमी. मग साहित्याची विद्यार्थिनी म्हणाली, पण घरोघर जाऊन हे विचारलं कोणी? आणि तास तिथून हेन्री व्हाइटहेड या पाद्र्याकडे वळला. पंपाचा दोष खोटा ठरवायला तो चौकशीला निघाला आणि शेवटी स्नोंच्या बाजूने झाला. भूजल, आकडे, धर्म, गरिबी, सगळं त्या एका कागदातून निघालं, आणि ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. मुलांच्या मतपत्रिका आम्ही कागदावरच गोळा केल्या, कारण विद्यार्थ्यांची मतं भरायला पोर्टलमध्ये जागाच नाही.

एक तक्रार राहिली, छोटी पण डोकं उठवणारी. अशा माणसाची नेमणूक बहुधा संयुक्त असते: अर्धा ऑनर्समध्ये, अर्धा मूळ विभागात, आणि कायम करायचं की नाही यात मूळ विभागाचा शब्द चालतो. पोर्टल एका जागेला एकच विभाग लावू देतं. त्यामुळे भूशास्त्र विभागाच्या प्रतिनिधीला पाहुणा म्हणून लॉगिन मिळालं, आणि पाहुण्याला शिफारसपत्रं दिसत नाहीत. ज्या विभागाने पुढे त्याची बढती ठरवायची, त्यालाच कागद अर्धवट! ग्राहकसेवेला लिहिलं. उत्तर अतिशय नम्र आलं: सूचना नोंदवली आहे, भविष्यातील आवृत्तीत विचार होईल.

तुम्हाला हे घ्यावंच लागलं, तर जाहिरात देण्याआधी अॅडमिनकडून आपोआप चाळणी बंद करून घ्या. ती बंद होते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. विषयाचा रकाना ऐच्छिक करा आणि त्याऐवजी एक प्रश्न टाका: तुमच्या क्षेत्राबाहेरच्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी काय वाचायला द्याल? आम्ही पुढच्या जागेसाठी तसं केलंय. चार ओळींच्या उत्तरात माणूस जितका कळतो तितका चाळीस पानी बायोडेटात कळत नाही. क्रमवारीचा पडदा बैठकीत लावूच नका.

पाचपैकी तीन. शिफारसपत्रांचा एक, झाकलेल्या शेऱ्यांचा दीड, आणि अर्धा त्या एक्सेलच्या बटणाचा.