आधी हॉर्मोनची गोळी कोणती ते सांगा, मग मनाची गोळी ठरवू

काउंटरवर दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक स्तनाच्या कॅन्सरच्या डॉक्टरांची: टॅमॉक्सिफेन २० मिग्रॅ, रोज एक. दुसरी मानसोपचारतज्ज्ञांची, चारच दिवसांपूर्वीची: पॅरॉक्सेटिन, रात्री एक. चिठ्ठ्या घेऊन आलेल्या वहिनी ४६ वर्षांच्या. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलेलं, केस पुन्हा खांद्यापर्यंत आलेले. रात्री तीनला जाग येते, अंगातून वाफा निघतात, घामाने गाऊन भिजतो आणि मग सकाळपर्यंत रडू आवरत नाही, म्हणून त्या मनाच्या डॉक्टरांकडे गेल्या. तिथे टॅमॉक्सिफेनचा विषय निघालाच नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही, आणि छातीच्या ऑपरेशनचं तिथे काय सांगायचं म्हणून वहिनींनीही सांगितलं नाही.

मी फार्मासिस्ट आहे, सोळा वर्षं मेडिकल चालवते. या दोन गोळ्या एकाच पिशवीत घालून द्यायला माझा हात धजत नाही. तो का धजत नाही आणि पॅरॉक्सेटिनऐवजी काय चालतं, ते ज्यांना आज-उद्या हा निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. गोळी बदलणं, थांबवणं हे डॉक्टरांचंच काम. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, हे तुमच्याकडे तयार असायला हवं.

"कॅन्सर झालेल्या बाईला डिप्रेशनची कुठली गोळी चालते?" असं मला बऱ्याचदा विचारतात. मी उलट विचारते, "तुमची हॉर्मोनची गोळी कुठली?" म्हणजे स्तनाचा कॅन्सर परत येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं घ्यायची ती. टॅमॉक्सिफेन असेल तर उत्तर एक, लेट्रोझोल, अनॅस्ट्रोझोल किंवा एक्झिमेस्टेन असेल तर दुसरं. एका बाजूला टाळायची गोळी दुसऱ्या बाजूला चक्क उपयोगाची ठरू शकते.

टॅमॉक्सिफेन चालू असेल तर

टॅमॉक्सिफेन पोटात जाते त्या रूपात तिच्यात फार ताकद नसते. यकृतात तिचं एन्डॉक्सिफेन तयार होतं, आणि इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनची जागा अडवायचं काम तेच कितीतरी पटींनी जोरात करतं. हे रूपांतर ज्या एन्झाइमवर अवलंबून आहे त्याचं नाव सीवायपी२डी६. काही डिप्रेशनच्या गोळ्या नेमकं हेच एन्झाइम अडवून धरतात. मग टॅमॉक्सिफेन रोज नेमाने घेतली, तरी तिच्यातून एन्डॉक्सिफेन पुरेसं तयार होत नाही. बाईला यातलं काही कळत नाही. ना दुखत, ना खुपत.

सगळ्यात जोराने अडवणाऱ्या गोळ्या तीन: पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन. २००३ मध्ये अमेरिकेत टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १२ जणींना चार आठवडे पॅरॉक्सेटिन देऊन रक्त तपासलं, तेव्हा एन्डॉक्सिफेनची सरासरी पातळी निम्म्याहून खाली आली होती.

रक्तातली पातळी घसरली म्हणजे कॅन्सर परत येतोच का? इथे पुरावा एकमुखी नाही, आणि तो तसाच सांगायला हवा. २०१० मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओतल्या २,४३० स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. टॅमॉक्सिफेनबरोबर पॅरॉक्सेटिन जितका जास्त काळ घेतलं, तितके स्तनाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू जास्त दिसले. उलट २०१६ मध्ये अमेरिकेतल्या १६,८८७ स्त्रियांच्या अभ्यासात अशा गोळ्यांमुळे पुन्हा कॅन्सर होण्याचा धोका लक्षणीय वाढलेला आढळला नाही. म्हणून आधीच काही महिने दोन्ही गोळ्या घेऊन झाल्या असतील, तर "आता माझं कसं होणार" म्हणून रात्र जागून काढू नका. पण नव्याने गोळी सुरू करायची असेल, तर माझं मत पक्कं आहे: मनावर तितकंच काम करणारी दुसरी गोळी त्याच काउंटरवर मिळत असताना ही शंका पाच-दहा वर्षं अंगावर का वागवायची? टॅमॉक्सिफेन तेवढी वर्षं घ्यायची असते.

मग पर्याय कुठले? मी नेहमी तीन शेजारी शेजारी ठेवून सांगते.

व्हेन्लाफॅक्सिन वर सांगितलेलं एन्झाइम जवळजवळ अडवत नाही आणि अंगातल्या वाफांवरही काम करतं, म्हणून टॅमॉक्सिफेनवाल्या बाईसाठी तिचं नाव पहिलं निघतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७५ मिग्रॅ घेणाऱ्यांचा वाफांचा त्रास चार आठवड्यांत ६१ टक्क्यांनी कमी झाला होता. नुसती दिखाऊ, आत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचा २७ टक्क्यांनी. वाफा आणि उदासी, दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये भागतं. तोटाही सांगते. सुरुवातीला मळमळतं, बीपी वाढू शकतं (बीपीची गोळी चालू असेल तर महिन्याभरात मोजून घ्या), आणि एक-दोन दिवस चुकली तर चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. गावाला जाताना पाकीट घरी विसरून चालणार नाही. कॅप्सूल उघडून पाण्यात मिसळायचीही नाही, आतले दाणे हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेले असतात. डेसव्हेन्लाफॅक्सिन हे तिचंच पुढचं रूप, जवळपास तसंच.

एस्सिटॅलोप्रॅम ते एन्झाइम थोडंसंच अडवते. चिंता, धडधड, सारखं मनात तेच ते येणं हा त्रास मुख्य असेल तर ती बरी, आणि वाफांवरही तिचा थोडा उपयोग दिसलेला आहे. इथे हृदयाकडे लक्ष ठेवावं लागतं. एस्सिटॅलोप्रॅम आणि तिची बहीण सिटॅलोप्रॅम ईसीजीवरचं क्यूटी अंतर लांबवू शकतात, आणि ते फार लांबलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सिटॅलोप्रॅम साठीच्या पुढे दिवसाला २० मिग्रॅपेक्षा जास्त देत नाहीत. आधीपासून हृदयाचा त्रास असेल, तर सुरू करण्याआधी एक ईसीजी काढून घेणं शहाणपणाचं.

मिर्टाझापिन हाही पर्याय आहे. केमोनंतर भूक मेली असेल, वजन उतरलं असेल, झोप उडाली असेल, तर रात्रीची ही गोळी या सगळ्यांना हात देते. वजन आधीच वाढलेलं असेल तर नको.

सर्ट्रालिन मधली. ५० मिग्रॅच्या आसपास ती एन्झाइमला फार त्रास देत नाही, पण डोस १५० च्या पुढे गेला की अडवणूक वाढते. वर्षानुवर्षं कमी डोसवर ठीक असलेल्या बाईची गोळी उगाच बदलायला लावू नये असं मला वाटतं, मात्र डोस वाढवताना टॅमॉक्सिफेनची आठवण करून द्या. ड्युलोक्सेटिन सर्ट्रालिनपेक्षा जास्त अडवते. टॅमॉक्सिफेनबरोबर ती सहसा टाळतात.

डॉक्टरांना न विचारता आपल्या मनाने आणली जाते ती सेंट जॉन्स वर्टची कॅप्सूल. 'हर्बल' लिहिलंय म्हणून निर्धास्त घेतात. ती यकृतातली दुसरी एन्झाइम्स वाढवते आणि टॅमॉक्सिफेन लवकर बाहेर काढू शकते. नकोच.

लेट्रोझोल किंवा अनॅस्ट्रोझोल असेल तर

या गोळ्यांना आपलं काम करायला सीवायपी२डी६ लागत नाही. त्यामुळे वरची भीती इथे गळून पडते. पॅरॉक्सेटिनवर दहा वर्षं स्थिर असलेली, पाळी गेलेली बाई लेट्रोझोल घेत असेल, तर तिची मनाची गोळी या कारणासाठी बदलायची गरज नाही.

इथला त्रास वेगळा. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत, गुडघे धरतात, कपाचा कान पकडवत नाही. कित्येक जणी यालाच कंटाळून हॉर्मोनची गोळी सोडतात. अशा वेळी उदासी आणि सांधेदुखी दोन्ही असतील तर ड्युलोक्सेटिनचं नाव घ्यायला हवं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत या गोळ्यांमुळे होणारी सांधेदुखी ड्युलोक्सेटिनने दिखाऊ गोळीपेक्षा कमी झाली. फरक फार मोठा नव्हता, पण पाच वर्षांचा कोर्स पूर्ण करायला तेवढाही आधार पुरतो.

हाडांचं मात्र विसरू नका. लेट्रोझोलसारख्या गोळ्या हाडं विरळ करतात, आणि एस्सिटॅलोप्रॅम-सर्ट्रालिनच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फ्रॅक्चरचं प्रमाण जास्त आढळतं. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा), कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे विषय त्याच भेटीत काढा. लेट्रोझोलबरोबर रायबोसिक्लिब ही कॅन्सरचीच आणखी एक गोळी चालू असेल, तर क्यूटीची काळजी दुप्पट. मग सिटॅलोप्रॅम-एस्सिटॅलोप्रॅमपासून लांब राहिलेलं बरं.

आता गाठ इथे बसते: टॅमॉक्सिफेन चालू आहे आणि मन ताळ्यावर राहतं ते फक्त पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिनने. आधी दोन-तीन गोळ्या बदलून झाल्या, प्रत्येक वेळी कोसळायला झालं. अशा बाईची मनाची गोळी काढून घेणं मला धोक्याचं वाटतं. पाळी गेली असेल, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "माझी हॉर्मोनची गोळीच बदलता येईल का?" पाळी चालू असेल तर नुसतं लेट्रोझोल चालत नाही. अंडाशयाचं काम थांबवणारं इंजेक्शन सोबत लागतं, त्याचा खर्च आणि त्रास वेगळा. तरीही हा मार्ग आहे हे माहीत असावं. सीवायपी२डी६ ची जनुकीय तपासणी करून ठरवू का, असंही विचारतात. त्यावरून हॉर्मोनची गोळी ठरवा असं मोठ्या कॅन्सर संस्थांच्या मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. मी त्यावर पैसे घालायला सांगणार नाही.

हे वाचून आज रात्रीपासून पॅरॉक्सेटिन बंद, असं कृपा करून करू नका. ती अचानक सोडली तर चक्कर, घाबरं, चिडचिड, विचित्र स्वप्नं सुरू होतात आणि बाईला वाटतं आजार उलटला. डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतात. फ्लुओक्सेटिन उलट अंगात रेंगाळते, बंद केल्यावरही तिचा अंश जायला पाच-एक आठवडे लागतात. मधल्या काळात मन फारच खाली गेलं, जीव नकोसा वाटला, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीतून बोलता येतं.

आणि ब्रँडच्या नावावर जाऊ नका. स्ट्रिपवर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. एकाच गोळीत झोपेचं औषध मिसळलेली जोड-पाकिटंही असतात, ती मोठ्या नावावरून ओळखू येत नाहीत.

त्या दिवशी मी दोन्ही डॉक्टरांना फोन लावले. संध्याकाळपर्यंत निरोप आला, पॅरॉक्सेटिन सुरूच करायचं नाही, व्हेन्लाफॅक्सिन ३७.५ पासून सुरू करू. दीड महिन्याने वहिनी आल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, काल पाचपर्यंत सलग झोपले." वाफा पूर्ण गेल्या नव्हत्या, कमी झाल्या होत्या.

जुलैत पावसाळी नायट्यासाठी त्या त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. कागद काउंटरवर ठेवला, पण बोट त्यावर दाबूनच धरलं. "आधी हे सांगा, ही गोळी टॅमॉक्सिफेनबरोबर चालते का?" चिठ्ठीवर टर्बिनाफिन लिहिलं होतं. तीही नेमकं तेच एन्झाइम अडवते. मी फोन उचलला, आणि डॉक्टरांनी गोळीऐवजी मलम लिहून दिलं.